टेप

शुक्रवारी दुपारी सोहारचा बाजार मिटतो.
शिलाईच्या दुकानाचं शटर तेवढं
मांडीइतकं वर राहतं.
बायका वाकून आत येतात,
दिवस भरत आलेल्या बसून, सरकत.

मुस्तफीज मास्तर बाहेर स्टुलावर,
पाठ आमच्याकडे, तोंड रस्त्याकडे.
चितगावचे. विचारत काही नाहीत.
टेप मात्र देऊन ठेवतात मला:
पिवळी, कडेला उसवलेली,
चाळिसाच्या पुढे खडूचा डाग.

मी मिरजेची, सुवार्ता लोंढे.
रात्रपाळीची सिस्टर, परवान्यावर लिहिलंय
कुठल्या भिंतींच्या आत मी हात लावायचा.
ही भिंत त्यात नाही.
मास्तरांना एकदा सांगितलं, आमच्यात
सुई आणि सुईण शेजारी राहतात.
ते हसले. अर्थ कळला की नुसता आवाज, कोण जाणे.

आज आदेम्मा. कडप्याकडची.
तीन मुलं सांभाळते, दुसऱ्यांची.
नवरा सलालाहला क्रेनवर.
कार्डाची मुदत संपलीय, पासपोर्ट कपाटात,
कपाटाची किल्ली मॅडमकडे,
मॅडम तुर्कस्तानात.

महिने ती बोटांवर मोजते,
तिची संपली की माझ्या बोटांवर.
बत्तीस आठवडे.
ओटीपोटाच्या हाडापासून वर पिशवीच्या टोकापर्यंत
जितके सेंटीमीटर तितके आठवडे,
दोनेक इकडेतिकडे. हे मिरजेत शिकलेलं.
टेप उलटी लावायची, आकडे कातडीकडे,
म्हणजे मोजणाऱ्याला स्वतःला फसवता येत नाही.
उलटून पाहिली.
पंचवीस.
पुन्हा लावली.
पंचवीस.

सात सेंटीमीटर.
ब्लाउज असता तर मास्तरांनी
शिवण उसवून भागवलं असतं.
या सातात काय काय बसलं होतं?
दोनदा फाटकापर्यंत जाऊन परतलेली ती.
काचेमागून आलेला एक शब्द: कार्ड?
टॅक्सीचे पैसे. गावी धाडलेले पैसे.
तांदळाच्या डब्यात लपवलेल्या लोहाच्या गोळ्या,
कारण मॅडमला औषधाचा वास कळतो.
आणि दवाखाना, जो गच्चीवरून दिसतो,
रात्री सगळ्यात जास्त दिवे त्याचेच.

पाय दाबला. खळगा पडला,
पडलेलाच राहिला.
कफ फुगवला: एकशे अडुसष्ट.
डोकं दुखतं? दुखतं.
डोळ्यांपुढे?
तेलुगूत काही म्हणाली, काजवेच असणार,
बोटं हवेत उघडत होती, मिटत होती.

मास्तर, मी म्हटलं.
तेव्हा पहिल्यांदा ते वळले.

डिलिव्हरीची व्हॅन. वर टांगलेले काळे अबाये
प्रत्येक गतिरोधकाला आमच्या अंगावर येत होते.
तिचं डोकं माझ्या मांडीवर.
परवान्याचा विचार आला. आला तसा
वळणावर कुठे पडला असेल.

काउंटरवर शैमा नावाची पोरगी, विशीतली.
कार्ड? म्हणाली. मग टेबलाला वळसा घालून आली,
आदेम्माच्या पावलांकडे पाहिलं,
फॉर्मच्या त्या चौकोनात लिहिलं:
नंतर.
आणि खुर्ची स्वतःच ढकलत नेली.

मॅग्नेशियम. ऑपरेशन. मुलगी.
एक किलो दोनशे, काचेच्या पेटीत,
मुठी अशा आवळलेल्या की जणू
कुणीतरी कागद मागणार आहे.

लोक म्हणतील, झालं ना चांगलं.
झालं.
पण त्या वेळी शैमाची पाळी होती.
चहाला उठली असती तर?
एका पोरीच्या मनावर
किती बायकांची बाळंतपणं टांगून ठेवायची?
तो चौकोनच का नाही खोडत कुणी?

बिल अजून यायचंय. मॅडम पण.

घरी आले तेव्हा कळलं, टेप माझ्याच खिशात.
मास्तरांकडे नेली तर म्हणाले, राहू दे,
मी दुसरी घेतली.
ती लोखंडी गजाला लटकत होती, नवीकोरी,
आणि ते कुणाच्या तरी बाहीचं माप
जुन्या सवयीने
वितीने घेत होते.